माशांच्या टाकीची काच

माशांची टाकी पाहणारा मनुष्य मासे पाहतो, पाण्यातली हिरवी पाने पाहतो, वर जाणारे बुडबुडे पाहतो. काच मात्र तो पाहत नाही. काच दिसू नये हाच तिचा गुण. ती डोळ्यांत भरू लागली की समजावे, एकतर ती मळली आहे किंवा तिच्यावर चरे पडले आहेत. मळ काढता येतो. चरा काढता येतो का, आणि येत नसेल तर काय करावे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी असला विषय का निवडावा, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. माझे वडील काचकाम करतात. खिडक्यांची तावदाने, देवांच्या तसबिरी, दुकानांची कपाटे आणि गेली काही वर्षे माशांच्या टाक्या, हे त्यांचे काम. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. दर रविवारी मी गावातील घरांत व दवाखान्यांत जाऊन टाक्या साफ करतो आणि त्या पैशांतून माझी पुस्तके व परीक्षेची फी निघते. वर्गमित्रांपैकी कोणी कविता लिहितो, कोणी प्रवासवर्णन लिहितो. मला जे ठाऊक आहे ते मी लिहितो. शिवाय आपल्या वाचनालयातही एक टाकी आहे. तिच्याविषयी मला वाचकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. ते योग्य ठिकाणी येतीलच.

काचेच्या पेटीत जलचर ठेवून त्यांचे निरीक्षण करण्याची कल्पना फार जुनी नाही. झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीने १८३२ साली सिसिली बेटावर समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या करवून घेतल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. शाळेच्या सहलीत ते पाहिलेल्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. मोठ्या मत्स्यालयाची हौस मग घरोघरी छोट्या टाकीच्या रूपाने आली.

या टाकीची काच म्हणजे काय, हे आधी पाहू. तिचा मुख्य घटक वाळू, म्हणजेच सिलिका. वाळूत सोडा व चुना मिसळून तो सर्व माल वितळवतात. आज बाजारात मिळणारी सपाट काच बहुतेक ‘फ्लोट’ पद्धतीची असते. ही पद्धत इंग्लंडमध्ये ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी विकसित केली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. वितळलेल्या कथिलाच्या पृष्ठावर वितळलेली काच पसरली जाते आणि दुधावर साय धरावी तशी ती सपाट होत निवते. तिचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला नसतो. तो द्रवरूपातच गुळगुळीत झालेला असतो. हे ध्यानात ठेवावे. जो पृष्ठभाग घासून तयार झालेला नाही, तो घासून पुन्हा पहिल्यासारखा करणे किती कठीण असेल, याची कल्पना यावरून येईल.

आता कठीणपणाचा विचार करू. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची दहा पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. शंखजिरे पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. वरच्या पायरीवरची वस्तू खालच्या पायरीवरच्या वस्तूवर ओरखडा काढू शकते, उलट होत नाही. या पट्टीवर आपले नख सुमारे अडीच, चुनखडीतील कॅल्साइट तीन, साधी काच साडेपाचच्या आसपास आणि वाळूतील स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, सात. टाकी साफ करण्याचे सारे शास्त्र या चार आकड्यांत आहे. नखाने काचेवर चरा पडत नाही. पाण्यातील क्षारांच्या पांढऱ्या थरानेही पडत नाही. परंतु टाकीच्या तळाशी आपणच हौसेने पसरलेल्या वाळूचा एक कण फडक्यात अडकला, तर तो काचेवर रेघ काढल्यावाचून राहत नाही. टाकीच्या आतल्या काचेवरचे बहुतेक चरे मी पाहिले ते खालच्या दोन-तीन इंचांत, वाळूच्या लगत. ते मळामुळे पडत नाहीत, मळ काढण्याच्या घाईमुळे पडतात.

मळाचेही प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. नव्या टाकीत तपकिरी धुरळ्यासारखा थर येतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा असतो आणि मऊ स्पंजने सहज निघतो. दुसरे हिरवे, बुळबुळीत शेवाळ. तेही स्पंजने किंवा जुन्या सुती फडक्याने निघते. तिसरे हिरव्या ठिपक्यांचे शेवाळ. हे ठिपके काचेला घट्ट धरून बसतात. त्यांच्यासाठी बाद झालेले प्लॅस्टिकचे बँक-कार्ड उत्तम. कार्डाची कड काचेवर तिरकी धरून ढकलावी. कार्डानेही न निघाल्यास दाढीचे नवे पाते वापरता येते. पण पाते ओले, जवळजवळ काचेला टेकलेले आणि एकाच दिशेने चालवावे. पात्याचे पोलाद व काच कठीणपणात जवळजवळ बरोबरीची असल्यामुळे सपाट धार काचेवरून सरकते. पण गंजलेले पाते, खांडा पडलेली धार किंवा पात्याचा कोपरा मात्र चरा पाडतो. पाते टाकीच्या कोपऱ्यात कधीही नेऊ नये. तेथे काचा सिलिकॉनच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात आणि तो जोड पात्याने रबरासारखा कापला जातो. जोड कापला की टाकी गळते.

चौथा प्रकार म्हणजे पाण्याच्या पातळीवर उमटणारी पांढरी रेघ. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. ते उडून गेले की क्षार काचेवर राहतात. हे क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. ते खरवडण्यापेक्षा विरघळवणे शहाणपणाचे. साधा पांढरा व्हिनेगर आणावा. हीटर व पंप यांचा प्लग आधी काढावा, मग पाण्याची पातळी तीन-चार इंच खाली आणावी. व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेले फडके त्या रेघेवर दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवावे. आम्लामुळे क्षार बारीक फसफसतात व सैल होतात. नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. व्हिनेगर पाण्यात ओघळू देऊ नये.

काय वापरू नये, हेही सांगितले पाहिजे. साबण, भांडी घासण्याची पावडर, फिनेल यांचा टाकीच्या आत थेंबही नको. माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. बाहेरची काच पुसण्यासाठी बाजारी फवारा वापरायचाच असेल, तर तो फडक्यावर मारावा, काचेवर नव्हे. टाकीला हवा देणारा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खरे म्हणजे बाहेरच्या काचेला ओले सुती फडके आणि नंतर कोरडे वर्तमानपत्र एवढे पुरते. तारेची घासणी, राख आणि स्वयंपाकघरातील हिरवी खरखरीत घासणी मात्र काचेपासून दूर ठेवावी. त्या हिरव्या घासणीत काचेहून कठीण अशा खनिजांचे बारीक कण बसवलेले असतात. कढईचे करपलेले काढण्यास ती चांगली. टाकीला तीच घातक.

चुंबकाच्या जोडीची सफाईपट्टी हल्ली पुष्कळ घरांत दिसते. एक चुंबक आत, एक बाहेर. हात ओला न करता काच पुसली जाते. सोय मोठी आहे. परंतु ती वापरताना तीन नियम पाळावेत. आतील चुंबकाचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी धुवून, बोटाने चाचपून घ्यावा. वाळूच्या वर दोन बोटे अंतर ठेवून सुरुवात करावी आणि वरच्या दिशेने न्यावे. चुंबक निसटून वाळूत पडला, तर तो तसाच काचेला लावू नये. बाहेर काढून पुन्हा धुवावा. लोखंडाचा अंश असलेले वाळूचे कण चुंबकाला चिकटतात, हे शाळेतल्या प्रयोगात आपण सर्वांनी पाहिले आहे.

एवढी काळजी घेऊनही चरा दिसला, तर पहिला प्रश्न असा की तो आत आहे की बाहेर? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. एका दवाखान्यातील टाकी मी महिन्यातून दोनदा साफ करीत असे. एके दिवशी समोरच्या काचेवर गोल गोल चरे उमटलेले आढळले. ‘तुमच्या मुलाने काच बिघडवली’ असा निरोप आबांना आला आणि महिन्याचे पैसे अडले. पैशांपेक्षा आबांना शब्द लागला, कारण आमच्या धंद्यात माणूस एकदा ‘काच बिघडवणारा’ ठरला की त्याला दुसरे घर मिळत नाही. मी डॉक्टरांना म्हटले, “डॉक्टरसाहेब, पैशांचे मागाहून पाहू. आधी एक गंमत पाहा.” ओले फडके घेऊन मी काच बाहेरून पुसली. पाण्याचा पातळ थर असेपर्यंत चरे जवळजवळ नाहीसे झाले. काच वाळली तसे ते पुन्हा दिसू लागले. मग डॉक्टरांनी स्वतः बाहेरून नख फिरवले आणि ते हसून म्हणाले, “अरे, हे तर बाहेरचे! तू तर आतून साफ करतोस.” बाहेरची काच कोणीतरी हिरव्या घासणीने चमकवली होती. पैसे मिळाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम टिकले.

ही जादू नव्हे. दहावीच्या पुस्तकातील प्रकाशाचे अपवर्तन आहे. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, काचेचा सुमारे १.५२. हवा व काच यांच्यात फरक मोठा, म्हणून त्यांच्या सीमेवर प्रकाश बराच वळतो आणि सुमारे ४ टक्के परतही फिरतो. पाणी व काच यांच्यातील फरक लहान. तेथे अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परततो. चऱ्याच्या खाचेत हवा असेल तर तो चकाकतो. पाणी भरले तर तो पुसट होतो. यातूनच एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. रिकाम्या टाकीच्या आतील बारीक चरे पाहून घाबरू नये. पाणी भरल्यावर त्यांतले पुष्कळसे डोळ्यांआड होतात. बाहेरच्या चऱ्यांच्या नशिबी ही सवलत नाही.

दुसरा प्रश्न, चरा घासून काढता येईल का? पुष्कळ लोक टूथपेस्ट सुचवतात. कित्येक टूथपेस्टमध्ये घासणारा पदार्थ कॅल्शियम कार्बोनेटच असतो. वर दिलेली मोजपट्टी आठवा: तीनने साडेपाच कशी घासली जाणार? टूथपेस्टने ‘चरा गेला’ असे जे वाटते, ते बहुधा काचेवरची क्षारांची किंवा प्लॅस्टिकची रेघ गेलेली असते. चरा मुळात नव्हताच. काच खरोखर घासते ती सेरियम ऑक्साइडची पूड. चष्म्याच्या व दुर्बिणीच्या भिंगांना झिलई देण्यासाठी ती वापरतात. पाण्यात कालवून, नमद्याच्या चकतीने, यंत्राचा वेग कमी ठेवून ती घासावी लागते. नखाला न लागणारा अगदी बारीक चरा तिने तासन्‌तास घासल्यावर जातो. परंतु चरा नखाला अडकत असेल, तर तो खोल आहे. समजा, त्याची खोली मिलिमीटरचा दहावा भाग आहे. तो घालवायचा तर आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या भागातील काच तेवढ्याच खोलीपर्यंत उतरवावी लागेल. केवळ चऱ्याजवळच घासले तर तेथे खळगा होतो, आणि त्यातून पाहताना मासा लांबतो, आखूड होतो, वाकडा दिसतो. एक बारीक रेघ घालवून एक वाकडे भिंग मिळवायचे, हा व्यवहार तोट्याचाच. शिवाय घासताना काच तापते आणि एकाच जागी जास्त तापली तर तडकते. आतून घासायचे झाल्यास मासे दुसरीकडे हलवून टाकी पूर्ण रिकामी करणे आणि नंतर पूड कसोशीने धुवून काढणे आलेच.

अॅक्रिलिकची गोष्ट नेमकी उलटी आहे. हे पारदर्शक प्लॅस्टिक काचेच्या निम्म्या वजनाचे असते. मोठ्या मत्स्यालयांतील बोगदे व अजस्र भिंती त्याच्याच करतात. तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तेथे अॅक्रिलिकचा बोगदा केलेला होता. अॅक्रिलिक मऊ, म्हणून त्यावर चरा चटकन पडतो. पाते तर त्याला लावूच नये. पण मऊ असल्यामुळेच ते दुरुस्त होते. पाण्याच्या पॉलिश कागदाचे जाड ते बारीक असे क्रमाक्रमाने हात मारून शेवटी झिलई दिली की ते पुन्हा पारदर्शक होते. काच सहसा जखम घेत नाही, पण एकदा घेतली की सोडत नाही.

आता वाचनालयातल्या टाकीकडे वळतो. ती तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. म्हणजे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर. तिच्यात काठोकाठ सुमारे १८२ लिटर पाणी मावते. त्याचे वजन १८२ किलो. समोरच्या काचेवर हे पाणी किती जोराने रेटते, याचा हिशेब सोपा आहे. वर दाब शून्य, तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ४५ ग्रॅम, सरासरी साडेबावीस ग्रॅम. काचेचे क्षेत्रफळ ४०५० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केल्यास ९१ किलो येतात. एखादा धडधाकट मनुष्य रात्रंदिवस त्या काचेला आतून पाठ लावून उभा आहे, असे समजा. त्या रेट्याने काच डोळ्यांना न दिसेल इतकी बाहेर फुगते. मध्यभागी तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची बाजू ताणली जाते.

काच दाब पुष्कळ सोसते, ताण सोसत नाही. असे का, याचे उत्तर ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली दिले. काचेच्या पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा असतात. ताण पडला की तो भेगेच्या टोकाशी एकवटतो, आणि भेग जितकी खोल तितकी ती लवकर पुढे सरकते. ग्रिफिथचे नाव आबांनी ऐकलेले नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांचे रोजचे काम याच नियमावर चालते. ते काच कापतात म्हणजे काय करतात? हिरकणीने एक बारीक रेघ ओढतात, रेघ वर ठेवून दोन्ही बाजूंनी काच खाली दाबतात, आणि ती रेघेवर नेमकी दुभंगते. रेघ असलेली बाजू ताणली गेली पाहिजे, हे त्यांना हाताने ठाऊक आहे. ग्रंथालयात जेव्हा मी ग्रिफिथविषयी वाचले, तेव्हा घरी जाऊन आबांना ते सांगितले. ते म्हणाले, “मग त्यात नवीन काय? म्हणून तर टाकीच्या बाहेरच्या रेघेला मी भितो, आतलीला तेवढा नाही.”

वाचकहो, आपल्या टाकीच्या बाहेरच्या काचेवर आज चार नावे आणि एक बाणाने विंधलेले हृदय कोरलेले आहे. कोणाच्या हातून झाले याची चौकशी करण्याचा माझा हेतू नाही. कंपासच्या टोकाने किंवा वाळूचा कण लागलेल्या किल्लीने ते झाले असावे. पण ज्यांना ही केवळ गंमत वाटते, त्यांनी एवढे समजून घ्यावे की नेमक्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर, नेमक्या मध्यभागी, काच कापणारा जी रेघ मुद्दाम ओढतो तीच त्यांनी ओढली आहे. नखाने पाहिले असता तीन नावे उथळ आहेत. चौथ्याची एक मात्रा नखाला अडकते. टाकीच्या खालच्या फळीवर संदर्भग्रंथ आहेत, आणि समोर पावलांवर प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींचे बाक आहे. उद्याच काच फुटेल असे मी म्हणत नाही. कदाचित ती वर्षानुवर्षे टिकेल. परंतु ‘कदाचित’ या शब्दाच्या भरवशावर १८२ किलो पाणी ठेवू नये.

मग करावे काय? टाकी भंगारात काढून नवी घ्यावी, असे काहींचे म्हणणे ऐकले. तेवढ्या खर्चाची गरज नाही. ज्या काचेवर फक्त उथळ चरे असतात, ती टाकी रिकामी करून फिरवावी, चरे असलेली काच मागे जाऊ द्यावी आणि तिच्यामागे निळा कागद लावावा. शोभेचे काम भागते. आपल्या टाकीचा एक चरा मात्र खोल आहे, म्हणून ती एक काच बदलणेच योग्य. जुना सिलिकॉन पात्याने कापून, कडा स्वच्छ करून नवी काच बसवता येते. बाकीच्या काचा तशाच राहतात. नवा सिलिकॉन पुरता सुकून त्याचा आंबूस वास जाईपर्यंत पाणी भरू नये. तोपर्यंत एक साधी गोष्ट आजच करता येईल: टाकीतील पाणी निम्म्या उंचीवर आणावे. पाण्याची उंची निम्मी झाली की काचेवरील एकूण रेटा निम्मा नव्हे, चौथ्या हिश्श्यावर येतो. ९१ किलोंचे तेवीस होतात. मासे त्या निम्म्या पाण्यात काही दिवस सुखाने राहतील. त्यांना खायला मात्र थोडे कमी घालावे.

काच बसवण्याची मजुरी आबा घेणार नाहीत, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे. काचेची किंमत तेवढी लागेल. मी ग्रंथपाल सरांना तसे कळवले आहे. नवी काच बसल्यावर तिच्यावर शेवाळ चढेल, क्षारांची रेघ उमटेल, बोटांचे ठसे पडतील. त्याचे काही वाटून घेऊ नये. तो मळ आहे आणि दर रविवारी मी तो काढीन.